आर्बेलच्या चुली

आर्बेल,
५ ऑक्टोबर १९८१

प्रिय रेमी,

आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत. एदमाँचा गुडघा अजून कुरकुरतो, पण जेवायच्या वेळी टेबलापर्यंत यायला त्याला काही अडचण येत नाही. नवरे सगळे असेच असतात म्हणून मी गप्प बसते. गाईंना आता गोठ्यात घ्यायची वेळ झाली. यंदा थंडी लवकर पडणार असं सगळे म्हणतात, दरवर्षीच म्हणतात. तू ठीक असशील असं मी धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस.

इतक्या दिवसांनी ताईला एकदम कशी आठवण झाली, असं तुला वाटेल. कारण साधं आहे. आपला मेयर क्लेर्जे, त्याच्या डोक्यात आलंय की गावाच्या तोंडाशी, हौदाजवळ, एक मोठा फलक लावायचा. त्यावर गावाचा भूगोल आणि इतिहास. उन्हाळ्यात शहरातले लोक पाठीला पिशव्या लावून फिरायला येतात, त्यांनी वाचावा म्हणून. मजकूर मी लिहायचा. मीच का, असं विचारलं तर म्हणाला, "तू पोस्टात होतीस, तुझं अक्षर चांगलं आहे." फलकावर अक्षरं रंगारी काढणार, मग माझ्या अक्षराचा काय संबंध? पण क्लेर्जेशी वाद घालण्यापेक्षा लिहून टाकणं सोपं.

भूगोल लिहून झाला. तो असा:

"आर्बेल हे गाव पठाराच्या अगदी कडेला, चुनखडीच्या खडकावर वसले आहे. गावाच्या वर बीच आणि फर वृक्षांचे जंगल आहे. गावाचा ओढा चर्चच्या मागे एका विवरात लुप्त होतो आणि दरीच्या पलीकडे, व्हर्नुआ येथे, झऱ्याच्या रूपाने पुन्हा प्रकट होतो."

'लुप्त' आणि 'प्रकट' हे क्लेर्जेचं. मी नुसतं 'जातो' आणि 'निघतो' लिहिलं होतं. आपल्या चीजच्या कारखान्यातलं नासलेल्या दुधाचं पाणी एकदा ओढ्यात सांडलं आणि दुसऱ्या दिवशी व्हर्नुआचा झरा पांढरा झाला, ती गोष्टही मी घातली होती. ती त्याने काढून टाकली. व्हर्नुआवाले अजून चिडतात म्हणे. चिडू देत की. आमचं उष्टं पाणी पितात हे काय खोटं आहे?

इतिहासाचं मात्र अडलं आहे. तीनेकशे वर्षांमागे स्वीडनच्या सैन्याने गाव जाळलं, लोक स्वित्झर्लंडकडे पळाले, आणि एकच म्हातारी वरच्या कुरणातल्या खळग्यात मडक्यात निखारा जपून लपून राहिली. सैन्य गेल्यावर तिने चूल पेटवली. पळालेल्यांनी डोंगरावरून तो धूर बघितला आणि ते परतले. खरं-खोटं देव जाणे. पण त्या खळग्याला बाबांचं एक खास नाव होतं, ते मला काही केल्या आठवत नाही. कुरणात त्यांच्याबरोबर तू असायचास. तुला आठवत असेल तर कळव.

आई व्हर्नुआच्या वृद्धाश्रमात आहे, हे मी ईस्टरला कळवलं होतं. खोली दुसऱ्या मजल्यावर मिळाली आहे आणि खिडकी आपल्या बाजूला. हवा स्वच्छ असली की दरीपलीकडून आर्बेलची छपरं आणि धुराडी सगळी दिसतात. पाय गेले तिचे, पण डोळे घारीसारखे आहेत. तिथलं पाणी पिताना सगळ्यांना सांगते, हे आमच्या गावचं आहे.

आपलं घर मी बंद पडू दिलेलं नाही. रोज सकाळी वर जाऊन चूल पेटवते. भिंतींना ओल धरू नये म्हणून. बाकी काही नाही.

खळग्याचं नाव तेवढं कळव.

तुझी ताई,
युगेत

*

आर्बेल,
२७ ऑक्टोबर १९८१

प्रिय रेमी,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. पुढे मार्सेलचं बंदर, मागे मोजून चार शब्द: 'आजीची कढई. बरा आहे.' खळगा बरा आहे की तू, हे काही कळलं नाही, पण तू असावास असं धरते. नाव मात्र बरोबर. वाचल्याबरोबर बाबांचा आवाज कानात आला. 'कढईच्या काठाने चाला रे, गाय घसरेल.' क्लेर्जेला सांगितलं, तर तो म्हणाला, कढई हा शब्द फलकावर शोभत नाही. मी म्हटलं, मग दुसऱ्याकडून लिहून घे. कढई राहिली.

आता इतिहासाचा दुसरा भाग. त्या म्हातारीच्या धुरानंतर मठाने त्याच्या मालकीच्या जंगलाचं लाकूड गावाला दिलं, आणि वाटा ठरवला तो चुलीवर. घरं नाहीत, माणसं नाहीत, शेत नाही. जितक्या चुली पेटतात तितके वाटे. आजही तेच चाललं आहे. तू हे सगळं जाणतोस. बाबांच्या खांद्यावर बसून तूच टोपीतून चिठ्ठी उचलायचास आणि जंगलातला जवळचा वाटा निघाला की अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा ओरडायचास.

गेल्या गुरुवारी मी वरच्या घरात चूल पेटवत होते, तेवढ्यात दारात ओनेझीम. यंदा जंगलाच्या लाकूडवाटपाची हमी घेणाऱ्या तिघा जामीनदारांत तो आहे, तेव्हा दिवाळखोराच्या घरी जप्तीला यावं तशा ऐटीत घरोघर चुली बघत हिंडतो. टोपी काढली नाही, म्हणजे कामावर होता.

"काय गं युगेत, दोन-दोन चुली फुंकतेस? एदमाँला दोन घरचं जेवण लागतं होय?"

"भिंतींना ओल धरते."

"धरू दे. भिंती लाकडाचा वाटा मागत नाहीत. यादीत तुझ्या माहेरचं 'मूजाँ' लिहिलंय. तुझी आई तर व्हर्नुआला. मग जेवतं कोण या चुलीवर?"

मी चूल फुंकत राहिले. तोच पुढे म्हणाला, "माझी वहिनी असते तिथं, तुझ्या आईच्या शेजारच्या खोलीत. तुझी आई सगळ्यांना सांगते म्हणे, आमचा रेमी घरी परत आलाय. मग कुठंय तो? पलंगाखाली?"

"कामावर जातो," मी म्हटलं.

"आगीवाचून धूर निघत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण आग आहे तिथं माणूस असतोच असं नाही, पोरी." मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "सेंट मार्टिनच्या सणानंतरच्या रविवारी चिठ्ठ्या निघतील. मूजाँच्या चुलीची चिठ्ठी त्या चुलीवर जेवणाऱ्यानं उचलायची. कोणी उठलं नाही तर नाव खोडलं जाईल. मग मला शिव्या घालू नकोस."

ओनेझीम वाईट माणूस नाही. खोट्या चुलीचा वाटा बाकीच्यांच्या लाकडातून जातो, हे बरोबरच आहे. आणि एकदा नाव खोडलं की माणूस घरात येऊन खरोखर राहीपर्यंत ते परत चढत नाही. मूजाँ हे नाव यादीत पहिल्यापासून आहे. बाबा म्हणायचे, म्हातारीच्या धुराला परतलेल्यांत पहिले आपणच. तसं प्रत्येक घर म्हणतं, ते सोड.

आता मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहिते. सप्टेंबरमध्ये मी खरंच ओलीसाठी चूल पेटवली. त्या दुपारी आईकडे गेले, तर ती खिडकीशी ताठ बसलेली. म्हणाली, "घरावर धूर दिसला सकाळी. रेमी आला का?" तिचा चेहरा तू बघितला असतास तर तूही तेच केलं असतंस. मी हो म्हटलं.

तेव्हापासून रोज पेटवते. एक दिवस धूर नाही दिसला तर काय सांगू तिला? आणि नुसत्या धुरावर भागत नाही, ती चौकशा करते. तेव्हा तुला कळावं म्हणून सांगते, या दीड महिन्यात तू इथे बरीच कामं केली आहेस. गोठ्याचं दार बसवलंस. सफरचंदं उतरवलीस. मागच्या छपराची चार कौलं बदललीस. खरा इथे होतास तेव्हा इतका कामसू नव्हतास.

तू गेलास त्या दिवशी बाबा जेवणाच्या टेबलाशी जे बोलले, त्याबद्दल मी लिहिणार नव्हते. 'इथून गेलास तर या धुराखाली परत येऊ नकोस.' मी तिथेच होते, पाव कापत होते. तू आईकडे बघितलंस आणि आई सूप वाढत राहिली, तेही मी बघितलं. तू बाबांच्या दफनाला आलास, शेवटच्या बाकावर बसलास आणि दुपारच्या बसने गेलास. आईशी एक अक्षर बोलला नाहीस. मी तुला दोष देत नाही. पण बाबा जाऊन आता बराच काळ झाला, आणि जे तू धरून बसला आहेस ते त्यांचं बोलणं आहे की आईचं गप्प राहणं, हे तुझं तुलाच ठाऊक.

फलकाचा मजकूर जवळजवळ झाला. एदमाँ म्हणतो, त्यात डुकराच्या मांसाच्या सॉसेजबद्दल एक ओळ पाहिजे. त्याचा इतिहास पोटापासून सुरू होतो.

व्हर्नुआहून वर येणारी बस आता रविवारीही असते. सकाळची गाडी पकडली की चिठ्ठ्या निघायच्या आत माणूस गावात पोचतो. सहज कळवलं.

तुझी ताई,
युगेत

*

आर्बेल,
१७ नोव्हेंबर १९८१

प्रिय रेमी,

आशीर्वाद. पहिला बर्फ पडला आणि वितळला. गाई ठीक. एदमाँ ठीक.

तू आला नाहीस. मी बोलावलंही नव्हतं, तेव्हा तक्रार कसली करू? तरी रविवारी बस वळणावर दिसली तेव्हा मी स्वयंपाक सोडून रस्त्यावर गेले होते. बसमधून पाववाल्याची बायको उतरली.

पण आधी शनिवारचं सांगते. आईसाठी सफरचंदाचा केक घेऊन गेले. ती खिडकीशी, गुडघ्यांवर शाल. नेहमीसारखं विचारलं, "रेमी कसा आहे?"

"बरा आहे. काल जळण फोडलं त्यानं."

"कसलं?"

"बीचचं. चांगलं वाळलेलं होतं."

आई हसायला लागली. इतकी की तिला खोकला आला आणि मला पाणी द्यावं लागलं. मग म्हणाली, "अगं युगेत, मला काय खुळी समजतेस? तो धूर तुझा आहे."

मी केकचा डबा उघडत होते, ती तशीच थांबले.

"जन्म गेला माझा त्या घरात. वरच्या कुरणातून उतरताना धूर बघून सांगायचे मी, घरी कोण आहे ते. रेमी चुलीत फरच्या फांद्या कोंबतो, ओलं बघत नाही की सुकं, मग काळे लोट निघतात. तेही चांगली उन्हं वर आल्यावर. उजाडता कधी उठलाय तो? तुझा धूर पातळ, पांढरा, धारा काढायच्या आधी. पहिल्याच दिवशी ओळखला."

"मग मला विचारलंस का, रेमी आला का म्हणून?"

"वाटलं, आज कदाचित तो झोपलाय आणि चूल तू पेटवलीस. आणि तू हो म्हणालीस. एक दिवस खरंच वाटलं मला. मग रोज तोच पातळ धूर, तेव्हा कळलं. पण तू इतक्या हौसेनं सांगायचीस. दार काय बसवलं, कौलं काय बदलली. माझा पोरगा आणि कौलं? मला तुझं मन मोडवेना."

बघ आता. मी तिच्यासाठी खोटं बोलत होते आणि ती माझ्यासाठी ते ऐकत होती. मला हसू येईना आणि रडूही येईना. मी केक कापला.

मी विचारलं, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना का सांगितलंस? म्हणाली, "यादीत नाव राहावं म्हणून. त्याला यायला जागा असावी." मग केकचा एक घास खाऊन म्हणाली, "पण आता पुरे कर. नुसत्या धुरानं माणूस परत येत नाही. त्या म्हातारीच्या मडक्यात निखारा खरा होता."

तिने केक संपवला. मी निघाले तेव्हा माझं मनगट धरून म्हणाली, "त्याला एक लिही. त्या दिवशी तुझे बाबा बोलले आणि मी सूप वाढत राहिले. रेमीला वाटलं, मी त्यांच्या बाजूची. अगं, मी त्याचीच ताटली भरत होते. पुन्हा पुन्हा. मला वाटलं, भरलेली ताटली सोडून कोणी उठत नाही. जेवेपर्यंत बसेल, तोवर दोघांचा राग उतरेल. मला तेवढंच सुचलं. आणि तो उठला."

हे तिचे शब्द आहेत, मी माझं काही घातलेलं नाही. ती ताटली मला आठवते, रेमी. काठोकाठ भरली होती आणि सूप टेबलावर सांडलं होतं. ते मीच पुसलं. तेव्हा मला वाटलं, आईचा हात थरथरतोय. इतकी वर्षं तसंच वाटत होतं.

रविवारी चिठ्ठ्या निघाल्या. जागा तीच, शाळेची खोली, आणि टोपीही तीच, क्लेर्जेच्या आजोबांची, कसरीने खाल्लेली. एकेक नाव पुकारलं, एकेक जण उठला. विधवा ब्रेनेला कढईच्या वरचा वाटा निघाला. तिथून लाकूड खाली आणता आणता कंबर मोडते, पण ती म्हणाली, "देवाला माझी आठवण आहे म्हणायची," आणि सगळे हसले. मग क्लेर्जेने "मूजाँ" म्हटलं.

ओनेझीम माझ्याकडे बघत होता. मी उठून टोपीत हात घातला असता तर त्याने अडवलं नसतं. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. यंदापुरतं त्याने डोळे मिटले असते, आणि एदमाँ माझी बाही ओढून तेच सुचवत होता.

मी उठले आणि म्हटलं, "त्या चुलीवर कोणी जेवत नाही. मी पेटवत होते."

क्लेर्जेने दोनदा विचारलं, नक्की का? मी म्हटलं, नक्की. त्याने नाव खोडलं. मला वाटलं होतं मला काही होणार नाही, पण मला वाईट वाटलं, आणि अजून वाटतं आहे. बाहेर आल्यावर ओनेझीम माझ्यामागून आला. या वेळी टोपी हातात होती. म्हणाला, "खोडलेल्या नावावर कुलूप नसतं, पोरी. तो येऊन राहिला तर मी स्वतः चढवीन."

फलकाचा मजकूर काल पुरा केला. शेवटची ओळ अशी आहे: 'आज आर्बेलमध्ये इतक्या चुली पेटतात.' आकडा मी रंगाऱ्याला दिलेला नाही. क्लेर्जे घाई करतो आहे, त्याला नाताळच्या आत फलक लावायचा आहे. मी सांगितलं, आकडा सगळ्यात शेवटी काढा.

सोमवारपासून मी वर चूल पेटवत नाही. काल आईकडे गेले होते. आपल्या धुराड्यावर बघायला काही नाही, तरी तिने खुर्ची खिडकीपासून हलवू दिली नाही. डॉक्टर म्हणतात, हा हिवाळा काढेल. पुढचं विचारू नका. मी विचारलं नाही.

घर झाडून ठेवलं आहे. पलंगावर स्वच्छ चादर आहे. किल्ली नेहमीच्या जागी, हौदाकडच्या खिडकीच्या वर. चूल रचून ठेवली आहे, आणि तुझ्या पद्धतीने ठेवली आहे: खाली फरची बोंडं, वर फरच्या फांद्या, ठासून. मला अशी चूल अजिबात पटत नाही. काड्यापेटी फळीवर आहे. काडी मी लावणार नाही.

यापुढे आपल्या घरावर धूर दिसला, तर तो कोणाचा हे आईला कोणी सांगायला नको.

ये.

तुझी ताई,
युगेत